राशीखालचा ओलावा

आमच्या उर्दू शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. अन्नसाखळीला उर्दूत ‘गिज़ाई जंजीर’ म्हणतात. तो पाठ आला की मी दरवर्षी फळ्यावर पाच आकडे लिहिते. विज्ञानाच्या पुस्तकांत नेहमी येणारे हे डीडीटीचे उदाहरण आहे. पाण्यात दर दहा लाख भागांत डीडीटी केवळ ०.०००००३ भाग. त्या पाण्यातल्या बारीक प्राणिप्लवकांत ०.०४. त्यांना खाणाऱ्या लहान माशांत ०.५. लहान मासे गिळणाऱ्या मोठ्या माशांत २. आणि मोठे मासे खाणाऱ्या पक्ष्यांत २५. पाण्यापासून पक्ष्यापर्यंत त्र्याऐंशी लाख पट! भागाकार करून पाहिल्याशिवाय मुलांचा विश्वास बसत नाही. मग मी कारण सांगते. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळते आणि शरीराला ते सहजी मोडून बाहेर टाकता येत नाही. मोठा मासा शेकडो लहान मासे खातो. त्यांचे मांस पचून जाते, पण शेकडोंच्या चरबीतले विष त्याच्या एकट्याच्या चरबीत मुक्कामाला येते.

गेल्या वर्षी बोलण्याच्या ओघात मी पुढचेही सांगून गेले. साखळी माणसापाशी संपत नाही, आईच्या दुधातून ती बाळापर्यंत जाते. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. अभ्यासात बेताचाच, पण संध्याकाळी मदरशात नेमाने जाणारा. म्हणाला, “टीचर, दीनियात में तो पढ़ाया के कोई किसी का बोझ नहीं उठाएगा. फिर ये बच्चा किस का बोझ उठा रहा है?”

वर्ग हसला. मीही हसल्यासारखे केले आणि घंटेचे निमित्त करून बाहेर पडले. खरे सांगायचे तर मला उत्तर आले नाही. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर ‘उद्या सांगते’ म्हणावे. त्या उद्याला आता वर्ष होत आले.

तो प्रश्न मला लागला त्याला कारण होते. माझे सासर मालवणात. देवबागेहून एक मावशी एस.टी.ने आमच्या मोहल्ल्यात मासळी घेऊन येते. देवबाग म्हणजे तारकर्लीच्या पुढे दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी. पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्ली नदी आणि टोकाला दोघींचा संगम. आता तिथे पर्यटकांच्या बोटी आणि स्कूबाच्या पाट्या झाल्या आहेत, पण मावशीच्या घरचे अजून रापणीला जातात. माझे दुसरे बाळंतपण झाले तेव्हा सहाव्या दिवशी मावशी मुद्दाम आली होती. केळीच्या पानात गुंडाळलेली मोरी तिने सासूबाईंच्या हातात दिली. “ही बाळंतिणीक दी. दूध येतला,” म्हणाली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर बाळंतिणीला मोरी देतात हे वाचकांना सांगायला नको. हिंदू घरांत देतात, ख्रिस्ती घरांत देतात, आपल्या घरांत देतात. माझ्या आईला तिच्या सासूने दिली होती. पंधरा दिवस मी मोरीचा रस्सा खाल्ला आणि दूधही भरपूर आले. ते मोरीने आले की बाळाच्या भुकेने, हा वेगळा विषय.

मोरी म्हणजे शार्क. आकाराने लहान असली तरी जात शिकाऱ्याची, साखळीच्या वरच्या कडीतली. मी फळ्यावर दरवर्षी जी शिडी काढते तिची वरची पायरी मी वाटीत घेऊन बसले होते आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. डीडीटीपेक्षा इथे पाऱ्याची गोष्ट अधिक महत्त्वाची. कोळशाच्या धुरातून, जुन्या पद्धतीच्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून पारा पाण्यात उतरतो. तळाच्या गाळातले जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो साखळीतून वर चढू लागतो. हा चरबीत नाही, मांसातच बसतो. म्हणून तळा, उकळा, कोकम घाला, तिरफळे घाला, तो जात नाही. पोटातल्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या वाढत्या मेंदूवर त्याचा घाला असतो. अमेरिकेच्या सरकारने २००४ मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी खाऊ नयेत असे चार मासे सांगितले. त्यात पहिले नाव शार्कचे होते आणि एक नाव आपल्या सुरमईच्या अमेरिकन चुलतभावाचे. मासा जितका मोठा आणि वयस्क, तितका पारा जास्त. लहान मोरीत तो कमी असतो. पेडवे, तारली, बांगडे तर साखळीच्या खालच्या कड्यांतले, त्यांत आणखी कमी. मासळी खाणे सोडा असे कोणताही जाणता डॉक्टर सांगत नाही आणि आईचे दूध तोडा असे तर मुळीच नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर माझा लेख वाचून कुणाच्या घरी बाळंतिणीला नुसती पेज मिळायची.

प्रश्न पाऱ्याच्या प्रमाणाचा नाही. मावशीने जे दिले ते मायेने दिले. सासूबाईंनी रांधले ते मायेने. मी पाजले ते मायेने. या साखळीत वाईट नियत कुणाचीच नव्हती. तरीही सर्वांत लहान, सर्वांत बेगुनाह जिवाच्या वाट्याला जे काही यायचे ते आलेच. ते कितीसे असेल ते असो. मुलाचा प्रश्न हाच होता.

आपल्याकडे खाण्याच्या बाबतीत हलाल-हरामचा विचार बारकाईने होतो. कोकणी मुसलमान शाफई. त्यामुळे कुर्ल्या, कालवे, शिवल्या आपण निर्धास्त खातो. घाटावरचा हनफी पाहुणा जेवायला आला की मात्र कुर्लीवर वाद रंगतो आणि कोलंबी मासा की किडा यावर रात्र सरते. माझ्या वडिलांना हा वाद फार प्रिय होता. पण कुरआनात हलालच्या जोडीने ‘तय्यब’ हा शब्द येतो याकडे आपले लक्ष कमी जाते. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, अंगाला मानवणारे. दर्याची शिकार हलाल आहे, माशाला जबह करावे लागत नाही. त्यात काही शंका नाही. पण ज्या कालवाने दिवसभर खाडीचे पाणी गाळून त्यातले शिसे, पारा, जस्त आपल्या अंगात साठवले ते तय्यब राहिले का? हेच कालव-शिंपले तपासून समुद्र किती नासला हे शास्त्रज्ञ ठरवतात. आमच्या फिकहच्या वादांत कोणता जीव खावा यावर शेकडो पाने आहेत. त्या जिवात काय भरले आहे हा सवाल त्या काळी पडलाच नव्हता, कारण तेव्हा दर्या घाण करण्याची ताकद माणसाजवळ नव्हती.

आता दोष कुणाचा, हे शोधायला मी निघाले आणि माझ्या दादीपाशी पोहोचले. दादीच्या तरुणपणी डीडीटीवाले गावात येत. १९५३ मध्ये देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातली ही माणसे. पंप घेऊन ती घराघरांच्या भिंती फवारत आणि दारावर तारीख लिहून जात. दादीचा एक भाऊ हिवतापाने गेला होता. ती दारावरची तारीख पुसू देत नसे, जणू तावीजच. आणि तिचे काय चुकले? त्या कार्यक्रमाआधी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई. १९६५ पर्यंत हा आकडा लाखाच्या घरात आला. डीडीटीचे गुण शोधणाऱ्या पॉल म्युलरला १९४८ चे नोबेल मिळाले ते उगीच नाही. पुढे तेच औषध शेतांवर ओतले गेले, नद्यांत उतरले. १९६२ मध्ये रेचेल कार्सन या बाईंनी पुस्तक लिहून जगाला हाक दिली. गरुडांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन घरट्यातच फुटू लागली होती. आपल्या देशात शेतीसाठी डीडीटीवर बंदी आली १९८९ मध्ये. अशा चिवट विषांविरुद्धच्या स्टॉकहोम कराराला भारताने २००६ मध्ये मान्यता दिली. डासांसाठी मात्र वापराची मुभा राहिली. दादीच्या दारावर तारीख लिहिणाऱ्या माणसाला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग कारखानदार? माझे माहेर दाभोळ खाडीच्या काठी. वर खेड तालुक्यात लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत. माझ्या लहानपणी खाडीत मासे मरून काठाला लागले की अब्बा नाकाला रुमाल लावून बघायला जात. घरी येऊन काही बोलत नसत. खाडीचे भोई आणि दालदी मोर्चे काढत, पंचनामे होत, पाण्याच्या बाटल्या भरून नेत. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. मेलेला मासा निदान दिसतो. त्याची बातमी होते, नुकसानभरपाईचा अर्ज होतो. जो मासा मरत नाही, नुसता साठवत राहतो आणि चमकदार डोळ्यांनी बाजारात येतो, त्याचा पंचनामा कोण करणार?

लोट्याची एक ताजी गोष्ट तर विचार करायला लावणारी आहे. इटलीत विचेंझा शहराजवळ त्रिस्सिनो नावाच्या गावी मितेनी नावाचा कारखाना होता. न चिकटणाऱ्या भांड्यांपासून न भिजणाऱ्या कपड्यांपर्यंत जी फ्लोरिनयुक्त रसायने लागतात ती तिथे बनत. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका घट्ट की ही रसायने निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. जग त्यांना ‘कायमची रसायने’ म्हणते. ती चरबीतही साठत नाहीत, रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतात. त्या भागातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचे पाणी त्यांनी नासले. मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. पण त्याआधीच, २०१९ मध्ये, त्या कारखान्याची यंत्रे आणि तंत्रज्ञान लिलावात विकले गेले होते. घेणारी एका भारतीय कंपनीची उपकंपनी. यंत्रे उतरली लोट्याला.

त्या यंत्रांतून आज लोट्याला काय बाहेर पडते याचा निवाडा मी करणार नाही. तो माझा अधिकार नाही आणि यंत्र कसे चालवावे हे चालवणाऱ्यावर असते. मला विचारात पाडले ते वेगळ्याच गोष्टीने. लिलाव कायदेशीर, खरेदी कायदेशीर, जहाज कायदेशीर, परवाना कायदेशीर. कुणाकडेही बोट दाखवा, तो दुसऱ्याकडे दाखवील आणि खोटेही बोलणार नाही. मालक म्हणेल, मी नियमांत आहे. नियम करणारा म्हणेल, शास्त्रज्ञांनी मर्यादा सांगितली नाही. शास्त्रज्ञ म्हणेल, मला निधी मिळाला नाही. आणि तवा घेताना अंडे चिकटत नाही म्हणून खूश झालेली मी? मीही त्या कारखान्याची गिऱ्हाईकच. फळ्यावरच्या शिडीच्या शेजारी मला दुसरी एक शिडी काढावीशी वाटते. एकीवर विष पायरीपायरीने दाट होत जाते. दुसरीवर दोष पायरीपायरीने पातळ होत जातो. बाळापाशी विष सर्वांत दाट. आणि उगमापाशी जाऊन पाहावे तर दोष इतका विरळ की कोणत्याही न्यायालयाच्या काट्यावर त्याचे वजन भरत नाही. विचेंझाचा निकाल म्हणूनच अपवाद वाटतो.

म्हणजे गुनाह कुणाचाच नाही, असे म्हणून मोकळे व्हायचे का? इथे मला जपानच्या मिनामाताची आठवण होते. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातला पारा खाडीत जात होता. आधी मांजरे पिसाळल्यासारखी नाचून मेली. मग मासे खाणाऱ्या कोळ्यांचे हातपाय वाकडे होऊ लागले. १ मे १९५६ रोजी हा आजार अधिकृतपणे कळवणारे डॉक्टर होसोकावा कंपनीच्याच दवाखान्यात होते. भला माणूस. १९५९ मध्ये त्यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला खाऊ घातले. प्रयोगातले हे चारशे क्रमांकाचे मांजर. त्याला तोच रोग झाला. डॉक्टरांनी वरिष्ठांना सांगितले. प्रयोग थांबवले गेले आणि डॉक्टर गप्प राहिले. त्याच वर्षाअखेर कंपनीने पीडितांशी करार केला. थोडे सहानुभूतीचे पैसे घ्या आणि उद्या दोष आमचा निघाला तरी आणखी मागू नका. पारा १९६८ पर्यंत वाहत राहिला. १९७० मध्ये मरणाच्या दारात, रुग्णालयातल्या खाटेवरून, होसोकावांनी साक्ष दिली. १९७३ मध्ये न्यायालयाने तो करार नीतीविरुद्ध म्हणून रद्द ठरवला.

मिनामातातल्या काही आयांना स्वतःला फारसा त्रास झाला नाही आणि त्यांची बाळे मात्र जन्मतःच अपंग निघाली. वार विषाला अडवते असे तोवर डॉक्टर मानत. उलटच झाले होते. आईच्या अंगातला पारा बाळाने ओढून घेतला होता. अशा एका लेकीला तिची आई घरातला ठेवा म्हणत असे, कारण तिने आईच्या आणि पाठच्या भावंडांच्या वाट्याचे विष स्वतः घेतले. माझ्या वर्गातल्या मुलाला हे सांगितले तर तो काय म्हणेल? कयामतच्या दिवशी कुणी कुणाचे ओझे उचलणार नाही यावर आपला ईमान आहे. पण या दुनियेत, शरीराच्या कायद्यात, बाळ आईचे ओझे उचलते आहे आणि आई अशा कुणाचे तरी, ज्याचे नावही तिला ठाऊक नाही. माझ्या मते ती आयत दिलासा देण्यापुरती नाही, तिच्यात ताकीदही आहे. तिथे ज्याचे त्याला परत मिळणार आहे, म्हणून इथे दुसऱ्याच्या पाठीवर टाकू नका.

हुजूर पैगंबरांची एक हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. बाजारात एका धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर बोटे ओली झाली. विक्रेत्याने सांगितले की पाऊस पडला. त्यावर, मग भिजलेले वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते, असा त्यांचा सवाल होता. धोका देणारा आपल्यातला नाही, असे त्यांनी फर्मावले. ही हदीस मी लहानपणापासून व्यापाऱ्याच्या लबाडीची म्हणून ऐकत आले. आता त्यातली एक गोष्ट मला नव्याने दिसते. विक्रेता खोटे बोलला नव्हता. पाऊस त्याने पाडला नव्हता. धान्य भिजवण्याचा दोष त्याचा नव्हताच. त्याच्यावर ठपका आला तो ओलावा ठाऊक असून खाली ठेवल्याचा. विष कुणी कालवले याचा तपास हजार हातांत हरवून जाईल, पण ठाऊक कुणाला होते हा तपास हरवत नाही. होसोकावांना ठाऊक होते. मावशीला ठाऊक नव्हते.

आणि मला आहे. ही अडचण आहे. देवबागेची मावशी माझ्या लेखी निर्दोष, पण फळ्यावर आकडे लिहून घरी मोरी खाणारी आणि शेजारणीच्या सुनेला मोरी जाताना गप्प बसणारी मी? बोलावे तर मावशीच्या टोपलीवर घाला. खाडीत कारखाना तिने घातला नाही, धूर तिने सोडला नाही, पण गिऱ्हाईक तुटेल ते तिचे. मिनामातातही कोळ्यांच्या वस्तीत रोग लपवला गेला, कारण तो बाहेर कळला की मासळी विकली जात नसे. दक्षिणेला गोवा ओलांडला की कारवार. तिथे बिणग्याच्या कॉस्टिक सोडा कारखान्याजवळच्या समुद्रातल्या पाऱ्यावर १९९० मध्ये शास्त्रीय निबंध छापून आला. असे निबंध वाचणारे वाचतात. मासळी खाणारे वेगळे असतात.

मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाकडे अर्ज केला. आमच्या तालुक्याच्या बाजारातल्या मासळीत पारा मोजतात का, मोजत असल्यास आकडे द्यावेत, एवढीच मागणी. उत्तर आले की विषय या कार्यालयाशी संबंधित नाही, अर्ज अमुक कार्यालयाकडे वर्ग केला आहे. त्या कार्यालयाचे पत्र आले, त्यात विषय पहिल्या कार्यालयाचा असल्याचे नमूद होते. दोन्ही पत्रांची भाषा अत्यंत सभ्य होती. युरोपला जाणाऱ्या मासळीत पारा आणि शिसे तपासले जाते, कारण तिकडचा ग्राहक विचारतो. अन्नातल्या पाऱ्याला आपल्या देशातही कायद्याची मर्यादा आहे. ती मावशीच्या टोपलीपर्यंत यायची एस.टी. अजून सुटलेली नाही.

शेवटी मागच्या महिन्यात मी मावशीला सांगितलेच. ओटीवर बसवून चहा दिला आणि जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितले की मोठा मासा लहानांचे सगळे स्वतःत साठवतो, म्हणून गरोदर बाईला आणि बाळंतिणीला मोठी मोरी देऊ नकोस, पेडवे दे, बांगडे दे. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “माका सा पोरां झाली. सगळ्यांच्या वक्ताक मोरीच खाल्लंय.” मी म्हटले, तेव्हाचा दर्या वेगळा होता मावशी. ती थोडा वेळ गप्प राहिली. देवबागेच्या माणसाला दर्या बदलला हे वेगळे सांगावे लागत नाही. तिच्या घरामागची वाळू दरवर्षी लाटा नेतात.

तिने टोपलीतून एक मोरी काढली आणि आपल्या हातावर आडवी धरली. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत भरली. “तू शिकलेली,” म्हणाली, “सांग मगे. कितकी म्हणजे मोठी? इतकी चलात?” मग मोरी सरकवून कोपरापर्यंत नेली. “की इतकी?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच माप हवे होते, उद्यापासून त्याप्रमाणे टोपली लावायची होती. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. देवबागेच्या एस.टी.ची वेळ होत आली होती, तरी ती उठली नाही.